साडेतीनशे ग्रॅम

ठकूनं मूल लगेच माझ्या हातात दिलं नाही. आधी त्याचं झबलं वर करून कमरेचा काळा करदोडा दाखवला.

"हे बघा ताई. आखाडात बांधला तवा आतून एक बोट जात व्हतं. आता तीन जात्यात."

तिनं तीन बोटं घालून दाखवली. करदोडा पोटाखाली घसरून जांघेपाशी आला होता. देवराम, तिचा अकरा महिन्यांचा मुलगा, रडला नाही की हलला नाही. आईच्या बोटांकडे बघत राहिला.

"भिजून सैल झाला असेल," मी म्हणाले. "सुती दोरा आहे. या पावसात रोज ओला होत असणार."

"थोरल्यालाबी असाच बांधला व्हता. त्याचा नाय झाला सैल."

"आधी वजन तर करू."

सुती दोरा भिजला की आखडतो. तो सैल होत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी मला एक कारण हवं होतं, ते सापडलं, आणि मी पुढच्या कामाला लागले.

ही त्र्याण्णव सालच्या श्रावणातली गोष्ट आहे. मी तेवीस वर्षांची होते, पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाले होते. पुण्यातल्या एका संस्थेनं अकोले तालुक्यातल्या पाच वाड्यांमध्ये एक अभ्यास चालवला होता. तीन वर्षांखालच्या मुलांना रोज नाचणी-शेंगदाण्याचा एक लाडू द्यायचा, दर महिन्याला वजन घ्यायचं आणि फरक पडतो का ते बघायचं. मुलाखतीत डॉ. सोहोनींनी मला एकच प्रश्न विचारला होता. "मुलं आवडतात का, हे मला विचारायचं नाही. काटा नीट वाचता का?" मी म्हणाले, वाचते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पहिल्याच प्रयोगाला सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती, कारण उपकरणाची शून्यावरची चूक शोधून ती प्रत्येक आकड्यातून वजा करणारी मी एकटीच होते.

या वाडीतली अंगणवाडी म्हणजे एक खोली होती. आढ्याला दोर बांधून त्यावर काटा टांगलेला असे, मोठ्या घड्याळासारख्या तबकडीचा, खाली आकडा, म्हणजे लोखंडी हूक. त्या आकड्याला झोळी अडकवायची आणि झोळीत मूल बसवायचं. दर वेळी काम सुरू करण्याआधी मी रिकाम्या आकड्यावर काटा शून्यावर आहे ना ते दोनदा बघत असे आणि वेळेसकट वहीत लिहून ठेवत असे. छापील तक्त्यात तीन रकाने होते: काट्यावरचं वजन, वजा झोळी दोनशे ग्रॅम, मुलाचं वजन. दोनशे हा आकडा छापलेलाच होता.

त्या महिन्यात झोळी नवीन होती. जुनी, पातळ नायलॉनची, उंदरांनी कुरतडली होती. अंगणवाडी सेविका सुमनबाई गभाले यांनी आमच्या ड्रायव्हर हनीफभाईंकडून जीपच्या ताडपत्रीचा तुकडा मागून घेतला होता आणि दाभणानं दुहेरी टाके घालून, वर दोन लोखंडी कड्या लावून झोळी शिवली होती. सकाळी ती त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून दाखवली. "ह्याच्यात आता सरपंचाला बसवला तरी तुटायची नाय," असं म्हणाल्या. मी शिवणीचं कौतुक केलं.

त्या दिवशी तेवीस मुलांची वजनं झाली. पहिल्या मुलापासूनच आकडे चांगले येत होते. एकाचं चारशे ग्रॅम वाढलेलं, दुसऱ्याचं पाचशे. बायका एकमेकींना चिडवायला लागल्या. एक म्हणाली, लाडू पोरं खात्यात का तू खातीस, मग वजन तुझं वाढायला पायजे व्हतं. दुसरी म्हणाली, माझं करायला काटा पुरायचा नाय. मीही हसत होते. गेले चार महिने आकडे जागचे हलत नव्हते आणि पुण्यात डॉ. सोहोनी जरा उदास होते. आता मी त्यांना काय सांगणार आहे ते मनात जुळवत होते. लाडू लागू पडत होता.

देवरामच्या वेळी काटा सहा किलो तीनशेवर थांबला. वजा दोनशे, म्हणजे सहा किलो शंभर. मागच्या महिन्यात तो सहा किलो होता. वजनाच्या कार्डावर त्याच्या वयाला तांबडी रेषा पाच किलो आठशेवर होती. मूल त्या रेषेखाली गेलं की आमच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि भरती करायचं, असा नियम होता. बाकीच्यांच्या मानानं त्याचं वजन कमी वाढलं होतं, पण वाढलं होतं.

"शंभर ग्रॅम वाढलाय," मी ठकूला सांगितलं.

ती बाजूला झाली नाही. "ताई, रातचा पीत नाय नीट. त्याला घेऊन येऊ का तुमच्या गाडीत? डॉक्टरला दाखवते."

तिचा नवरा नारायणगावकडे टोमॅटो तोडायला गेला होता. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी जात असल्यामुळे एसटी आठ दिवस बंद होती. जीप कशीबशी पार होत होती, आणि ती पुन्हा वाडीत यायची ती पंधरा दिवसांनी, लाडवांचे डबे द्यायला. हे सगळं तिनं मला सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

मी तिला तिच्या मुलाचं कार्ड दाखवलं. ठिपक्यांवर पेन्सिलचं टोक ठेवत म्हणाले, "हा मागच्या महिन्याचा. हा आजचा. वर गेलाय ना?"

"गेलाय."

"मग? डोळ्याला काय, कधी असं दिसतं, कधी तसं. आपण रोज बघतो ना, म्हणून नीट कळत नाही. काटा कुणाची आई नसतो."

हे वाक्य मला तेव्हा छान जमल्यासारखं वाटलं होतं.

ती ठिपक्याकडे बघत राहिली, मग मुलाकडे. "काटा खोटं कशाला बोलंल," असं हळूच म्हणाली आणि त्याचं झबलं खाली ओढलं.

ती दाराबाहेर गेल्यावर सुमनबाई माझ्याजवळ आल्या. न्यायचं का, म्हणाल्या, गाडीत जागा हाय. मी म्हणाले, ज्याला ज्याला वाटेल त्याला न्यायचं तर मग मोजायचं कशाला. त्या पुढे बोलल्या नाहीत. मी पुण्याची, शिकलेली, आणि काटा माझा होता.

जागा होती. मागच्या बाकावर मी माझी वह्यांची पिशवी ठेवली होती.

पंधरा दिवसांनी लाडवांचे डबे घेऊन हनीफभाई एकटेच गेले. मी गेले ती त्यानंतर पंधरा दिवसांनी, सप्टेंबरच्या वजनांना. ऊन पडलं होतं, भाताची खाचरं दाट हिरवी झाली होती. मी काटा टांगत होते. सुमनबाई यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी न विचारता एका नावावर रेघ मारली आणि मग मला सांगितलं.

आम्ही गेल्यावर नवव्या दिवशी देवरामला जुलाब सुरू झाले. दीड दिवस घरी काढला. मग ठकू आणि तिचा दीर त्याला घोंगडीत गुंडाळून चालत निघाले. फरशीच्या अलीकडे पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी उतरायच्या आत तो गेला.

"अंगात कायच नव्हतं वो त्याच्या," सुमनबाई म्हणाल्या. "बाकीच्या दोन पोरान्लाबी जुलाब झाले, ती उठली. ह्याला पुरलंच नाय. आन काटा तर वाढलाय म्हणत व्हता."

बायका अजून जमल्या नव्हत्या. सुमनबाईंच्या शेल्फावर चहासाठी आणलेली साखरेची पिशवी होती, एक किलोची, शिवण न उसवलेली. मी ती उचलली आणि झोळीत ठेवली. ते मी कशासाठी केलं याचा विचार केला नव्हता. हात आधी गेले.

काटा दीड किलोच्या जरासा पुढे थांबला. मी वाकून, डोळा तबकडीच्या रेषेत आणून वाचलं. एक किलो साडेपाचशे.

साखर काढली. नुसती झोळी साडेपाचशे ग्रॅम.

झोळी काढली. रिकामा आकडा: शून्य, अगदी बरोबर शून्य.

मी पुन्हा पहिल्यापासून तिन्ही केलं. सुमनबाई यादी बाजूला ठेवून उठल्या. त्या सातवी शिकलेल्या होत्या. त्यांना समजावून सांगायला मला एक वाक्यही लागलं नाही. त्यांनी झोळी हातात घेऊन तोलली, आपणच शिवलेली ताडपत्री, दुहेरी टाके, लोखंडी कड्या.

"म्हंजे त्या दिशी समद्यांचंच?"

"सगळ्यांचंच. साडेतीनशे ग्रॅम जास्त."

"आन त्याचं?"

मी उत्तर आधीच काढलं होतं. पाच किलो साडेसातशे. रेषेच्या पन्नास ग्रॅम खाली. एका महिन्यात पाव किलो उतरला होता. तीन बोटं.

सुमनबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आता?"

"वहीतले आकडे दुरुस्त करता येतील."

"वहीचं नाय म्हणत मी."

त्या दिवशीची वजनं नीट झोळी तोलून, नीट वजा करून झाली. दुपारी आम्ही दोघी ठकूच्या घरी गेलो. वाटेत मी वाक्य जुळवलं. ठकू, तू बरोबर होतीस, काट्यात चूक होती, माझी चूक होती. मला ते सोपं आणि पूर्ण वाटत होतं. त्यात काही लपवलेलं नव्हतं.

ठकू अंगणात नागलीची भाकरी थापत होती. तिची सासू उंबऱ्यात बसली होती. ठकूनं आमच्यासाठी पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूच बोलायला लागली. ती वाईट बोलत नव्हती, नेहमीच्या आवाजात सांगत होती. पोरगं चांगलं व्हतं, काट्यात वाढलेलं व्हतं, समद्यांनी बघितलं. पण ही रोज म्हणायची वाळला, वाळला. रोज करदोड्यात बोटं घालून मोजायची. आईची नजर लई वाईट, दुसऱ्या कुणाची उतरवता येती, आईची उतरत नाय.

मी ठकूकडे बघितलं. भाकरी तव्यावर टाकून ती हात पुसत होती.

"खरं हाय ताई," ती म्हणाली. "तुमी सांगितलं व्हतं मला. डोळ्याला कायबी दिसतं म्हणून. मी घरी येऊन परत मोजलं."

"पुन्हा मोजलंस?"

"रोज मोजलं. चांगल्या पोराला मीच खाल्लं."

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, दहा शब्दांचं. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मला एक गोष्ट स्वच्छ कळली, ती मी आज तितकीच स्वच्छ लिहिते: या घरात मला कुणी दोष देत नव्हतं. सासू ठकूला माझ्यासाठी चहा टाकायला सांगत होती. मी ते वाक्य बोलले तर हे पोतं, हे पाणी, हा आवाज, सगळं बदलणार होतं. वाडीत बातमी जाणार होती, पाचही वाड्यांत जाणार होती, अभ्यास बंद पडू शकत होता. ही शेवटची कारणं मी रस्त्यावर आल्यावर शोधली. अंगणात मला फक्त भीती वाटली.

"तुझा काही दोष नाही, ठकू," मी म्हणाले.

असं सगळेच म्हणतात. त्यात कुठलीही माहिती नसते. तिनं मान हलवली आणि भाकरी उलटली.

परत येताना सुमनबाई माझ्या पुढे चालत होत्या. ओढ्यापाशी आल्यावर मागे न बघता म्हणाल्या, "नाय सांगितलं तुमी." मी म्हणाले, पुढच्या वेळी सांगते. त्या म्हणाल्या, मी सांगू का? झोळी मी शिवली, माझ्यावर घेते. मी म्हणाले, नको, तुमच्या नोकरीवर येईल. ते खरंही होतं. पण त्यांनी सांगितलं असतं तर माझं नाव आपोआप आलंच असतं, हेही खरं होतं.

पुण्यात मी डॉ. सोहोनींना सगळं सांगितलं, साखरेच्या पिशवीसकट. देवरामचंही सांगितलं. ते म्हणाले की मूल पावसाळ्यात कशानंही जाऊ शकतं, दवाखान्यात नेलं असतं तरी वाचलंच असतं असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही. ते बरोबर होतं. मी कित्येक वर्षं ते वाक्य वापरलं. मग त्यांनी ऑगस्टच्या रकान्यातून साडेतीनशे ग्रॅम वजा करायला लावले, आणि जाता जाता मला म्हणाले, "चांगलं पकडलंत. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं." अहवालात तळटीप गेली: एका केंद्रावरील एका महिन्याच्या नोंदी उपकरणातील बदलामुळे दुरुस्त केल्या आहेत. दुरुस्त आकड्यांत लाडवाचा विशेष परिणाम दिसला नाही.

आकडे वाढले तेव्हा मी झोळी तोलली नाही. ते घटले असते तर पहिल्या तीन मुलांनंतर तोलली असती. एवढं मला माझ्याबद्दल कळलं. ज्या नोंदीनं मला आनंद होतो ती आधी तपासायची, ही सवय मी तेव्हा लावून घेतली आणि पुढे सव्वीस वर्षं उपकरणं तपासण्याच्या कामात काढली. ऑफिसात मला संशयी म्हणायचे. कौतुकानंच म्हणायचे.

वाडीत मी त्यानंतरही महिन्या-महिन्याला जात राहिले. ठकूला थोरल्याचं वजन करायला यायचं कारण नव्हतं, तो तीन वर्षांच्या केव्हाच पुढे गेला होता. ती दिसली तर लांबून हात करायची. मीही करायचे. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी, असं करत दीड वर्ष गेलं.

पंच्याण्णवच्या मार्च महिन्यात अभ्यास संपला. काटा, वह्या, कार्डं गोळा करायला मी शेवटची गेले. सुमनबाई म्हणाल्या, ठकूला मुलगी झालीये, तीन महिन्यांची आहे, माझ्या मागच्या फेरीनंतर ती माहेराहून बाळंत होऊन आली. दर आठ दिवसांनी वजनाला घेऊन येते. महिन्यातून एकदा बास, असं सांगितलं तरी ऐकत नाही.

"आन ताई, ती तिच्याकडं बघत नाय."

"म्हणजे?"

"आंघोळ सासू घालती. पाजती तवा भिताडाकडं तोंड करून बसती, वर पदर घेती. कुणी म्हणलं, पोरगी कुणासारखी हाय, तर म्हणती, मला काय ठाव."

ठकू आली तेव्हा खोलीत आम्ही तिघीच होतो. मुलगी कापडात गुंडाळलेली होती. ठकूनं ती मान वळवून, चुलीवरचं गरम भांडं द्यावं तशी सुमनबाईंच्या हातात दिली आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली.

मी तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. या वेळी वाक्य जुळवलं नव्हतं. ताडपत्री, कड्या, छापलेले दोनशे, साखर, साडेपाचशे. देवरामचं खरं वजन पाच किलो साडेसातशे होतं हे सांगितलं. तो वाळत होता, तुला दिसत होतं ते खरं होतं, तुझी बोटं खरी होती, असं सांगितलं. गाडीत जागा होती, हेही सांगितलं. आणि हे मला सप्टेंबरातच कळलं होतं, तुझ्या अंगणात आले तेव्हा माहीत होतं, हे शेवटी.

तिनं सगळं ऐकलं. सुमनबाईंनी मुलीला छातीशी धरलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं हाय गं ठके. झोळी मीच शिवली व्हती."

ठकूनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत आणि कोरडा होता. मला वाटलं, ती आता रडेल किंवा माझ्यावर ओरडेल. दोन्हीसाठी मी तयार होते. कदाचित त्यासाठीच आले होते.

"तुमी चांगल्या हायसा ताई," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतच व्हत्या. जाता जाता माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सोताच्या अंगावर घेतलं."

"अंगावर घेत नाहीये. झालं तेच सांगतेय."

"आसू द्या."

"ठकू, काटा चुकला होता."

"काटा कसा चुकंल?" ती मला समजावत होती, लहान मुलाला सांगावं तसं. "त्याला काय, तो कुणाची आई नाय."

सुमनबाई खाली बघायला लागल्या. माझ्याकडे आणखी पुरावा नव्हता. असता तरी तो मला कुठल्यातरी मोजमापातूनच आणावा लागला असता.

"पोरीचं करा," ठकू म्हणाली. "ऊन व्हायच्या आत जायचंय."

सुमनबाईंनी मुलीला झोळीत ठेवलं. ठकूनं भिंतीकडे तोंड केलं. मुलीच्या मनगटांना वळ्या पडल्या होत्या, मांड्या घट्ट होत्या, ती पाय झाडत होती आणि त्यानं काटा थरथरत होता. आईनं एकदा वळून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"अगं बघ तरी, कशी गुटगुटीत झालीये," मी म्हणाले.

"नगा तसं बोलू," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "आकडा सांगा."

मी काटा स्थिर होईपर्यंत थांबले, झोळी वजा केली आणि आकडा सांगितला.